विळ्याच्या आकाराची पेशी

(आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

१९८४ ते २०१७ अशी ३३ वर्षे मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. या काळात वरचे वर्ग कधी माझ्याकडे आले, कधी गेले, पण एफ. वाय. बी. एस्सी.चा, म्हणजे पहिल्या वर्षाचा वर्ग मी कधी सोडला नाही. पहिल्या वर्षाला शिकवणे हे कमी मानाचे काम, असा एक समज प्राध्यापकांत असतो. मला तसे कधी वाटले नाही. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडची मुले एस. टी.ने चांदसैलीचा घाट उतरून येत, पत्र्याची पेटी वसतिगृहात ठेवत आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसत. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेले दुसरे कोणी नसे. त्या मुलांना जीवशास्त्राचा पहिला शब्द आपण सांगणार, ही जोखमीची गोष्ट होती. ती किती जोखमीची आहे, हे मला पुढे एका मुलीने शिकवले. तिच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी, आपण जो अभ्यासक्रम पहिल्या वर्षाला शिकवतो तो सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचला कसा, ते थोडक्यात सांगतो. कारण माणसांसारखा अभ्यासक्रमालाही इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसला की शिकवणारा फसतो. मी फसलो होतो.

माझ्या पिढीने जे प्राथमिक जीवशास्त्र शिकले, त्याचा आराखडा लंडनमध्ये तयार झाला. डार्विनचा कैवारी म्हणून प्रसिद्ध असलेला थॉमस हेन्री हक्सली याने १८७१-७२च्या सुमारास साऊथ केन्सिंग्टन येथे शाळाशिक्षकांसाठी वर्ग सुरू केले. तोवर प्राणी आणि वनस्पती पुस्तकात वाचायच्या आणि संग्रहालयात काचेमागे बघायच्या, अशी रीत होती. हक्सलीने ती मोडली. त्याचे म्हणणे सोपे होते. सगळी सृष्टी कोणालाच शिकवता येत नाही; म्हणून प्रत्येक मोठ्या गटातला एकेक नमुना घ्या, तो हातात धरा, कापून पाहा आणि चित्र काढा. १८७५ साली त्याने आपला सहकारी मार्टिन याच्याबरोबर प्रात्यक्षिकांचे पुस्तक लिहिले. यीस्ट, अमीबा, घेवड्याचे झाड, गोड्या पाण्यातला शिंपला, बेडूक अशी त्याची मांडणी होती. अमीबापासून बेडकापर्यंतची जी वाट आपण सगळे चाललो, ती ही वाट.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. विलायतेतली ही पद्धत आपल्याकडच्या विद्यापीठांत आली, पण ती आली तीही विलायती नमुन्यांसह. पुस्तकात वर्णन इंग्लंडच्या गांडुळाचे, आणि ट्रेमध्ये टाचण्या टोचलेले गांडूळ मात्र इथल्या काळ्या मातीतले. दोघांची रचना सारखी नाही. तरी विद्यार्थी काढत ते पुस्तकातलेच चित्र. डोळ्यांना दिसते एक आणि कागदावर उतरते दुसरे, कारण गुण पुस्तकातल्या चित्राला मिळणार!

ही विसंगती ज्यांनी मनावर घेतली त्यांत लखनौ विद्यापीठाचे प्रा. करम नारायण बहल यांचे नाव मोठे आहे. आपल्याकडच्या फेरेटिमा नावाच्या गांडुळाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. इंग्लंडच्या गांडुळाची उत्सर्जक नलिका कातडीवरच्या छिद्रातून बाहेर उघडते. फेरेटिमाच्या बऱ्याचशा नलिका मात्र आतड्यात उघडतात, हे बहल यांनी १९१९ साली दाखवले. बाहेर टाकायचे पाणी आतड्यात सोडले की त्यातले काही परत शोषून घेता येते. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीत राहणाऱ्या प्राण्याला हा केवढा आधार! १९२६ साली त्यांनी फेरेटिमावरची पुस्तिका काढली आणि भारतीय प्राण्यांवरच्या पुस्तिकांची एक मालाच सुरू झाली. त्याच मालेत नागपूरच्या सायन्स कॉलेजातले प्रा. पटवर्धन यांनी १९३७ साली नदीतल्या झिंग्यावर पुस्तिका लिहिली. आमच्या पिढीने जे गांडूळ कापले, ते बहल यांच्या कष्टामुळे आपले गांडूळ होते. परदेशी पुस्तकातला नमुना तपासून घ्यावा लागतो, हा या गोष्टीतला धडा. तो मी दरवर्षी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असे. सांगत असे, पण स्वतः शिकलो नव्हतो.

आता खानदेशाकडे येऊ. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आजचा नंदुरबार जिल्हा त्या पश्चिम खानदेशाचा, म्हणजे नंतरच्या धुळे जिल्ह्याचा भाग. इथल्या मुलाला कॉलेजात जायचे तर पूर्वी दूरचे शहर गाठावे लागे. १९४५ साली अमळनेरला प्रताप महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा वाट जरा जवळ आली. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले. नंदुरबार शहरात महाविद्यालय आले ते १९६०च्या दशकात. मग शहादा, तळोदा, नवापूर अशी एकेक ठिकाणे जोडली गेली. आधी अकरावीची मॅट्रिक आणि मग प्री-डिग्री, असा तो जमाना. कोठारी आयोगाने सुचवलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात सत्तरीच्या दशकात आला. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. विद्यापीठ जवळ आले, जिल्हा जवळ आला. अभ्यासक्रम जवळ आला का, हा प्रश्न राहिला.

२०११च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. माझ्या वर्गातली मुले घरी पावरी, भिली, मावची बोलत. बाजारात अहिराणी किंवा गुजराती. शाळेत मराठी शिकली, तीच त्यांची दुसरी-तिसरी भाषा. आणि कॉलेजात आल्यावर आम्ही त्यांच्यापुढे इंग्रजी ठेवली, शिवाय लॅटिन नावे. एखादा मुलगा गप्प बसला की आम्ही म्हणत असू, ‘याला काही येत नाही.’

हा समज तोरणमाळच्या सहलीत उतरे. वनस्पतिशास्त्राची सहल दरवर्षी सातपुड्यात जाई. वर्गात खाली मान घालून बसणारा मुलगा डोंगर चढताना पुढे असे. मोह, चारोळी, सालई, अंजन ही झाडे तो पान न बघता, सालीवरून ओळखे. कोणत्या झाडाचा डिंक कधी काढायचा, कोणता कंद किती वेळा उकळल्यावर खायचा, हे त्याला तोंडपाठ. मी थिओडोर कुकने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर १९०१ ते १९०८ या काळात लिहिलेल्या ग्रंथातले नाव सांगायचो आणि तो त्याच्या आजीने सांगितलेले नाव सांगायचा. पुढे २००३ साली धुळे-नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवर प्रा. डी. ए. पाटील यांचा ग्रंथ आला आणि आमच्या डोंगरांना स्वतःचे पुस्तक मिळाले. तोवर आमच्या हर्बेरियमच्या कागदावर मी दोन रकाने आखून घेतले होते. एका रकान्यात शास्त्रीय नाव, दुसऱ्यात मुलाने सांगितलेले. विद्यापीठाने ते मागितले नव्हते. पण मुले त्या दुसऱ्या रकान्यासाठी बोलू लागली, आणि बोलू लागली की पहिला रकानाही पाठ होत असे.

झाडांच्या बाबतीत मला एवढे सुचले. रक्ताच्या बाबतीत सुचले नाही.

ही गोष्ट १९८९ सालची. नोव्हेंबरचा महिना, आनुवंशिकतेचा धडा. मेंडेलचे वाटाणे झाले आणि मी माणसाच्या उदाहरणाकडे वळलो. सगळ्या पाठ्यपुस्तकांत ते उदाहरण असते: सिकलसेल ॲनिमिया. फळ्यावर मी गोल तांबड्या पेशी काढल्या, शेजारी विळ्यासारखी वाकडी पेशी काढली. मग इतिहास सांगितला. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष पेशीत नाही, पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत सापडले ते तेव्हा प्रथमच. १९५६ साली केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्राम यांनी तो दोष नेमका कुठे आहे ते शोधण्यात यश मिळवले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ कड्या असतात. त्यांतली फक्त सहावी कडी बदललेली असते. एवढ्याने प्राणवायू कमी पडला की पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि माणूस वेदनेने तळमळतो. शेवटी मी पुस्तकातले वाक्य वाचले. हा रोग आफ्रिकेत आणि अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. आणि डस्टर उचलले.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला. एक मुलगी मागे थांबली. अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाच्या पाड्यातली, वर्षभरात दोन वाक्येही न बोललेली. म्हणाली, “सर, हे आफ्रिकेतच असतं का?”

मी म्हणालो, “हो. का गं?”

ती म्हणाली, “माझ्या भावाला असंच होतं. पावसाळ्यात ताप येतो, डोळे पिवळे होतात. हातपाय इतके दुखतात की रात्रभर रडतो. बडवा झाला, दवाखाना झाला. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या देतात. गोळ्यांनी काही होत नाही.”

मी काय उत्तर दिले ते सांगायला आजही लाज वाटते. मी म्हणालो, “तो वात असेल. हे वेगळं.” ती बरे म्हणून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असे सांगितले तर ते खोटे होईल. मला चांगली झोप लागली. मी पुस्तकावर विश्वास ठेवला होता. जाग आली ती काही महिन्यांनी, सुटीत पुण्याला ग्रंथालयात बसलो असताना. जुनी नियतकालिके चाळताना मला दिसले, की १९५२ साली, म्हणजे माझ्या त्या तासाच्या ३७ वर्षे आधी, लेहमन आणि कटबुश या संशोधकांना निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल सापडला होता. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही तो आढळला होता. आणि १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींत पुण्याचे डॉ. सुदाम काटे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे रक्त तपासत होते. हे सगळे छापलेले होते. माझ्या पुस्तकात नव्हते एवढेच. गांडुळाच्या बाबतीत परदेशी नमुना तपासून घ्या म्हणणारा मी, समोर बसलेल्या मुलीचे म्हणणे तपासून घेतले नव्हते.

पुढे एका तपासणीत त्या मुलीच्या भावाचे निदान झाले. त्याला सिकलसेलच होता. तो १९९२च्या पावसाळ्यात गेला. सतरा वर्षांचा होता. मी पहिल्याच दिवशी नीट उत्तर दिले असते तर तो वाचला असता, असे मी म्हणत नाही. तेव्हा हाताशी असलेले उपचार फार थोडे होते. पण तीन वर्षे त्या घराने दुखण्याचे नाव माहीत नसताना काढली, त्यातला काही काळ माझ्या नावावर आहे.

त्यानंतर मी हा धडा वेगळ्या रीतीने शिकवू लागलो. आधी जिल्ह्यापासून सुरुवात आणि मग शिकागो. डॉ. काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ साली लिहिलेल्या आढाव्यात भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत सिकलसेलचे वाहक २० ते ३५ टक्के आढळतात, असे नमूद केले आहे. म्हणजे या जमातींतल्या चाळीस मुलांच्या वर्गात आठ ते चौदा वाहक. हे फळ्यावर लिहिले की वर्ग शांत होतो. आणि इथेच सांभाळावे लागते. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कोणीतरी विचारतेच, “म्हणजे आमच्या रक्तातच खोट आहे का, सर?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला मलेरियाचा इतिहास लागतो. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवले, की सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या माणसाला मलेरियाच्या घातक प्रकारापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. दोन जनुक आले तर रोग, एकही नसला तर तापाला उघडे, आणि एक असला तर दोन्हींतून सुटका. म्हणून जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे हा जनुक टिकला. आफ्रिकेत टिकला, अरबस्तानात टिकला, भूमध्य समुद्राकाठी काही भागांत टिकला, सातपुड्यात टिकला. भारतातला जनुक स्वतंत्रपणे उद्भवला असावा, असा निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काढला गेला. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. हा जनुक जमात बघत नाही, डास बघतो. मी मुलांना सांगत असे, तुमच्या आजोबांचे आजोबा ज्या तापात जगले, त्यात ते याच्या आधाराने जगले असतील. तो आधार आता महाग पडतो, कारण दोन वाहकांचे लग्न झाले की हिशेब बदलतो.

तो हिशेब म्हणजे चार घरांची चौकट. आई वाहक, वडील वाहक. चार घरांपैकी एकात रोग, दोनांत वाहक, एकात काहीच नाही. ही चौकट परीक्षेत दोन गुणांना येते. पण ती कोणाच्या तरी आयुष्यात येते तेव्हा काय होते, तेही मी पाहिले.

तीच मुलगी १९९३ साली पुन्हा माझ्याकडे आली. पदवी झाली होती, तपासणीत ती वाहक निघाली होती. लग्न ठरले होते, पंच बसले होते, देज ठरले होते. तिने हट्ट धरून मुलाचे रक्त तपासायला लावले होते. तोही वाहक. मी चौकट काढली. ती म्हणाली, “सर, चौकट मला येते. चारांत एक म्हणजे पहिली तीन बाळं चांगली आणि चौथं आजारी, असं आहे का?”

मी म्हणालो, “नाही. प्रत्येक वेळी नव्यानं चारांत एक. आधीचं बाळ कसं झालं त्याचा पुढच्याशी संबंध नाही.”

ती थोडा वेळ चौकटीकडे बघत राहिली. मग विचारले, “तुम्ही काय कराल?”

श्रोतेहो, तेहेतीस वर्षांत एवढा अवघड प्रश्न मला कोणी विचारला नाही. जीवशास्त्र चौकट काढून देते. लग्न करावे की मोडावे, हे सांगत नाही. लग्न मोड म्हणणारा मी कोण? आणि खुशाल कर म्हणणारा तरी कोण? मी तिला एवढेच सांगितले, की निर्णय दोघांचा आहे. पण जो घ्याल तो घेताना ही चौकट त्यालाही दाखव. आणि मूल झाले तर त्याचे रक्त तान्हेपणीच तपासून घ्या, दुखणे येण्याची वाट बघू नका. ती चौकटीचा कागद घडी घालून घेऊन गेली. तिने लग्न केले.

त्यानंतर बरेच बदलले. २००८च्या सुमारास राज्य सरकारने सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात काही जिल्ह्यांत सुरू केला, त्यांत नंदुरबार होता. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी करता येतात. गर्भाची तपासणी करण्याची सोयही शास्त्राने दिली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ सालापर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. नंदुरबारला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण मला एक अनुभव सांगायचा आहे. रक्त तपासून कागद हातात पडतो, त्यावर ‘एएस’ अशी दोन अक्षरे असतात, आणि कित्येक घरांत तो कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी जातो. मुलीचे लग्न मोडेल, ही भीती. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे एक वाक्य पोहोचत नाही तोवर तपासणीचा कागद लपवलाच जाणार. ते पोहोचवण्याची जागा दवाखाना आहे तशीच पहिल्या वर्षाचा वर्गही आहे. कारण समोर बसलेली मुले अठरा-एकोणीस वर्षांची असतात. लग्ने अजून व्हायची असतात.

२०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनेने प्राण्यांचे विच्छेदन बंद झाले. हक्सलीचा बेडूक आमच्या प्रयोगशाळेतून गेला. मेण भरलेल्या ट्रे कपाटात गेल्या, एक-दोन ट्रेमध्ये आम्ही वाल रुजत घालू लागलो. त्याच वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी आली. हजेरी घेताना गावाचे नाव ऐकून मी मान वर केली. चेहरा ओळखीचा होता. तिची आई म्हणजे ती मागे थांबलेली मुलगी. आनुवंशिकतेच्या तासाला सगळ्यांनी वहीत चौकट काढली. या मुलीने चौकटीतल्या एका घरात स्वतःचे नाव लिहिले आणि दुसऱ्या घरात धाकट्या भावाचे. ती एएस, भाऊ एए. यात ज्ञानाचा काही पराक्रम नाही, नाणे चांगले पडले एवढेच. ज्ञानाने काम केले ते एकच. दोघांचेही रक्त तान्हेपणी तपासलेले होते, आणि ते नाव वहीत लिहिताना तिचा हात थरथरला नाही.

२०१७ साली मी निवृत्त झालो. नव्याने आलेल्या तरुण सरांना कपाटाच्या किल्ल्या दिल्या, दोन रकान्यांची हर्बेरियमची पाने दाखवली. निघताना एवढे सांगितले, की नोव्हेंबरात आनुवंशिकतेचा धडा घ्याल, तो तास पाच मिनिटे आधी संपवा आणि लगेच स्टाफरूमकडे निघू नका. फळा सावकाश पुसा. कोणीतरी मागे थांबेल.